पन्हाळा हातांनी सांगताना

माझे आई-वडील दोघंही कर्णबधिर. बोलायला लागायच्या आधी मी हातांनी मागायला शिकले आणि पुढं तेच माझं काम झालं. कोर्टात, दवाखान्यात, बँकेत मी दुभाषी म्हणून उभी राहते. इकडचं तिकडं पोचवायचं, आपलं काही घालायचं नाही, एवढाच त्या कामाचा नियम.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या कर्णबधिर मंडळींनी पन्हाळ्याची सहल काढली आणि मला बरोबर नेलं. त्यातल्या बहुतेकांनी गड आधी पाहिला होता. घरच्यांबरोबर जाऊन, झुणका-भाकर खाऊन, फोटो काढून ते आले होते. तिथं काय घडलं ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हुपरीच्या एक बाई होत्या, घरी चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडणाऱ्या. बसमध्ये त्या मला खुणांनी म्हणाल्या, "मी विचारलं की भाऊ म्हणायचा, नंतर सांगतो. माझं लग्न झालं, मुलं झाली. अजून सांगतोय." हे सांगताना त्या हसत होत्या.

गडावर आम्ही एक गाईड घेतला. पन्नाशीचा, खणखणीत आवाजाचा माणूस. तो चालता चालता बोलायचा, त्यामुळं त्याची पाठ आमच्याकडं. "ह्यो बघा बुरूज," असं तो म्हणायचा तेव्हा सगळे माझ्या हातांकडं बघत असायचे. माझे हात थांबून त्यांची नजर बुरुजाकडं जाईपर्यंत तो पुढच्या वळणावर पोचलेला असायचा.

शेवटी मी त्याला अडवलं. "मामा, आधी थांबून सांगा, मग दाखवा. ह्यांना दोन्ही कामं डोळ्यांनीच करायचीत."

"असं थांबत गेलं तर सांज हुईल की, मॅडम."

"होऊ दे."

अंधारबावीत, म्हणजे विहिरीवरच्या त्या काळोख्या इमारतीत, तर पंचाईतच झाली. तो सवयीनं सगळ्यांना आत घेऊन गेला. उन्हातून आत आल्यावर कुणाला कुणाचे हात दिसेनात. त्याचा आवाज दगडांत घुमत होता आणि तो ऐकणारी मी एकटीच होते. कुणीतरी माझ्यावर मोबाईलचा उजेड टाकला, तर मागच्या भिंतीवर माझी भलीमोठी सावली हलायला लागली आणि लोक तीच बघत बसले. सगळे परत बाहेर आलो. गाईडनं उन्हात उभं राहून पहिल्यापासून सांगितलं: खाली विहीर, वर पहाऱ्याची जागा, तटातून बाहेर पडायची वाट. मग मंडळी आत जाऊन बघून आली. त्यानंतर मला त्याला काही सांगावं लागलं नाही.

मग वेढ्याची गोष्ट आली. पावसाळी रात्री महाराज एका पालखीतून निसटले आणि दुसऱ्या पालखीत त्यांच्यासारखा दिसणारा माणूस शत्रूच्या हाती लागला. हुपरीच्या बाईंनी हात वर केला.

"तो ओळखला कसा? चेहऱ्यावरून, की बोलण्यावरून?"

मी ते मोठ्यानं विचारलं. गाईड विचारात पडला. "ते न्हाय बा ठावं. आजपातुर कुणी इचारलंच न्हाय."

"तो जितका वेळ गप्प बसला असेल, तितका वेळ महाराजांना मिळाला असेल," बाई म्हणाल्या. मग मागं राहिलेल्या दोघींना काही कळलं नव्हतं म्हणून बाईंनी गोष्ट स्वतःच सांगायला घेतली. इकडं गाईड पुढं सांगत होता आणि मी त्याच्या वाक्यांमागून खुणा करत जात होते. बाईंनी आधी दोन्ही हातांनी गडाला वेढा घातला, एक पालखी उजवीकडं लावून दिली, दुसरी डावीकडं, आणि मग स्वतः त्या दुसऱ्या पालखीत बसल्या. मान ताठ, ओठ मिटलेले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझ्याकडं कुणीच बघत नाहीये. मी हात खाली घेतले.

"ह्या माझ्यापरीस झ्याक सांगत्यात की," गाईड म्हणाला. मी ते बाईंना पोचवलं. त्या लाजल्या.

पुढं त्या बऱ्याचदा हुपरीहून गडावर आल्या. गाईड एकेक जागा समजावून सांगायचा, मी मध्ये. गडावरच्या जागांच्या काही खुणा त्यांनी मंडळींशी भांडून ठरवल्या. गारगोटीकडच्यांना तीन दरवाजाची वेगळी खूण हवी होती, ते आजही आपलीच वापरतात. त्यांच्या सांगण्याचे व्हिडिओ झाले. आता कर्णबधिर पर्यटक आले की बाईच त्यांना गड दाखवतात. गाईड सोबत असतो. भोवती ऐकणाऱ्यांची गर्दी जमते तेव्हा तो मला म्हणतो, "त्या काय म्हणत्यात ते सांगा की ह्या पावण्यांस्नी." मग मी बाईंचं बोलणं आवाजात सांगते.

गेल्या महिन्यात साताऱ्याकडची मंडळी येऊन गेली. मला बोलावलं नव्हतं, गरजच नव्हती. बाईंनी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. मला बरं वाटलं, आणि थोडं रिकामंही. त्या दिवशी मी दवाखान्यात होते, एका बाळंतिणीला डॉक्टरांचं बोलणं सांगत.