एका वातीचा फोटो

यजमान गेले तेव्हा आमच्या कारखान्याची वेबसाइट अर्धी झाली होती. कारखाना म्हणजे डिचोलीतल्या घरामागची पत्र्याची शेड, एक भट्टी आणि पितळेच्या समया ओतणारा एक कारागीर. पणजीच्या एजन्सीला काम यजमानांनीच दिलं होतं. मी जवळच्या साखळी गावातल्या शाळेत ग्रंथपाल होते. पितळेतलं मला एवढंच कळे की घासायला चिंच बरी.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर कारागीर मागच्या दारात येऊन उभा राहिला. तो दोडामार्गहून रोज स्कूटरने यायचा, वीस वर्षं.

"वयनी, चतुर्थीपर्यंत बघतंय," तो म्हणाला. "ऑर्डरी इल्यो तर बरां. नायतर तुये गावच्या फॅक्टरीत जातंय. मेव्हण्यान सांगून ठेवलेला आसा."

मी बरं म्हटलं. तो गेला की भट्टी बंद होणार हे मला समजत होतं, पण एखाद्या पुस्तकात वाचावं तसं समजत होतं.

तीन दिवसांनी एजन्सीतली मुलगी आली. ती पेडण्याची होती, पायातल्या चपला दारातच काढून आत येणारी. वेबसाइट थांबवायची का, असं तिने विचारलं. थांबवायची म्हटलं असतं तर पुढे बरंच बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, चालू दे.

तिने शेडमधल्या टेबलावर मोठे कागद पसरले आणि पेन्सिलीने चौकटी काढल्या. हे पहिलं पान, इथे फोटो, इथे फोन नंबर, बोट पोचेल असा खाली. मग तिने विचारलं, "लोक समई मागताना पहिलं काय सांगतात? उंची?"

यजमान फोनवर बोलायचे ते मी आठवून पाहिलं. उंची शेवटी यायची. ते पहिलं विचारायचे, कशासाठी हवी? मग मीच म्हटलं की समया उंचीने लावू नका, प्रसंगाने लावा. लग्न, चतुर्थी, घरभरणी, देऊळ. पुस्तकं आकाराने लावली तर सापडत नाहीत. तिने चार चौकटी काढल्या आणि पहिल्यांदाच थोडी हसली.

पाचवा प्रसंग मी सांगितला नाही. भट्टीशेजारच्या फळीवर लहान दिवे वेगळे ठेवलेले असतात. ते न्यायला माणूस आला की यजमान काहीच विचारत नसत. दिवा कागदात गुंडाळून हातात देत.

मग फोटो काढायचा होता. मधल्या उंचीची एक समई तिने स्टुलावर ठेवली, मागचं सामान हलवून भिंत रिकामी केली. "मॅडम, तुम्ही रोज लावता तशीच लावा," ती म्हणाली आणि मोबाइल धरून थांबली.

मी तेल घातलं, वात ठेवली, पेटवली. तिने खूप फोटो काढले. मागे मोकळी जागा असली की नजर सरळ ज्योतीवर जाते, असं ती म्हणाली. मला ते पटलं.

पंधरा दिवसांनी ती तयार पानं घेऊन आली. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. साइट कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. काही सांगायचं नाही, बोट कुठे अडतं ते बघायचं. आधी कारागिराच्या हातात दिला. त्याने हात पुसले, फोन लांब धरला आणि पहिल्याच पानावर थांबला. बोट पुढे गेलंच नाही. माझ्याकडे एकदा पाहून त्याने फोन परत केला.

"बरां आसा," म्हणाला, आणि भट्टीकडे गेला.

"पहिल्या पानावर बराच वेळ थांबले," मुलीने वहीत लिहिलं. तिला ते चांगलं वाटलं होतं.

त्या दिवशी लाटंबार्स्याहून माझ्या थोरल्या वन्सं आल्या होत्या, यजमानांची बहीण. मुलीने फोन त्यांच्याही हातात दिला. वन्संनी चष्मा लावला.

"ह्यो दिवो कोणी लायलो?"

"मी," मी म्हटलं.

"एकच वात?" त्यांनी फोन मुलीच्या समोर धरला. "लोक हंय समई घेऊक येतले काय मरणाच्या समाचाराक?"

मुलीला कळेना. मग मी पाहिलं. समईत एकच वात होती आणि मागे भट्टीची उत्तरेकडची भिंत होती, म्हणजे वातीचं तोंड दक्षिणेकडे. यजमानांना जिथे ठेवलं होतं तिथे मी बारा दिवस असाच दिवा लावत होते. बारावा झाला, हाताला कुणी थांब म्हटलं नाही. रोज लावता तशीच लावा म्हटल्यावर मी तशीच लावली. कारागिराला दिसलं होतं. माझ्या तोंडावर तो कसा बोलणार?

मुलगी उठून उभी राहिली. "मॅडम, सॉरी. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या घरीही एक वात लावत नाहीत."

"तुझां कायएक चुकूक नाय," वन्सं म्हणाल्या. "कापूस खंय आसा तो हाड."

मी कापूस आणून दिला. त्या पायरीवर बसल्या आणि मांडीवर वाती वळू लागल्या. पाच वळल्या. कारागिराने न सांगता स्टूल उचललं, फिरवलं आणि समई खिडकीच्या बाजूला ठेवली. मी वन्संकडे काडेपेटी दिली. त्यांनी घेतली नाही.

"मी कित्याक? समई तुझ्या घरातली. तूच लाव."

"मी लावली तर चालेल?"

"एक लायलंस तेव्हा इचारलंस?"

कारागीर खाली मान घालून हसला. मी पाचही वाती लावल्या. काही वाटेल असं वाटलं होतं. बोटाला तेल लागलं, ते पदराला पुसलं. मुलीने फोटो काढला. जुना ठेवायचा का, तिने विचारलं. मी काढून टाकायला सांगितलं.

साइट आषाढात सुरू झाली. बहुतेक लोक चतुर्थीच्या चौकटीतून आले, काही लग्नाच्या. फोन मी घेत होते आणि पहिलं विचारायचे, कशासाठी हवी? लहान दिवे साइटवर नाहीत. ज्यांना लागतात ते अजून दारात येतात, आणि मीही त्यांना काही विचारत नाही.

गणपती पोचवून आल्यावर कारागीर मागच्या दारात येऊन उभा राहिला. मी वाट पाहिली.

"दिवाळीपर्यंत बघतंय, वयनी," तो म्हणाला.

मी बरं म्हटलं आणि चहा ठेवला.