पडद्याबाहेरचं बाक

यांच्या घशात कॅन्सर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तो मंगळवार होता. सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो, दुपारी घरी आलो. मी भात टाकला. हे जेवले नाहीत.

तेव्हा आम्ही पनवेलला राहत होतो. आम्ही म्हणजे हे, मी, माझ्या सासूबाई आणि माझी नणंद. हे माझे यजमान, तिथल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत. नणंदेच्या लग्नाची बोलणी पेणच्या एका स्थळाशी चालली होती. आम्हाला मूल नव्हतं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि रेल्वे अजून पनवेलपर्यंत आली नव्हती.

यांना पाहण्याआधी मी यांचा आवाज ऐकला होता. मला बघायला आले तेव्हा मी आत पोह्यांच्या बशा भरत होते आणि बाहेर हे माझ्या वडिलांशी कसल्याशा पुस्तकाबद्दल बोलत होते. आवाज मोठा नव्हता, पण शब्दाचा शेवट कधी हवेत विरायचा नाही. मी दाराशी उभी राहून ऐकत राहिले आणि आईने मागून मला हळूच ढकललं.

तो आवाज गणपतीनंतर बसला. आधी खडूच्या धुळीवर ढकललं. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी घसा सुटेना. गिळताना कळ कानापर्यंत जाऊ लागली. सदऱ्याचा गळा मानेभोवती सैल दिसू लागला. वर्गात हे बोलण्याऐवजी फळ्यावर लिहू लागले.

गावातल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा बाहेरगावाहून घशाचे डॉक्टर येत. दवाखाना म्हणजे एकच खोली. मधोमध दोरीवर कापडाचा पडदा, पडद्याच्या आत डॉक्टर आणि बाहेर भिंतीला लावलेलं लांब बाक. त्या बाकावर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू येई. कोणाला मूळव्याध आहे, कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कोणाच्या पोटात जंत झालेत, हे दुपारपर्यंत बाजारात पोचलेलं असे. त्यामुळे पनवेलची माणसं डॉक्टरांशी बोलतानासुद्धा बाकाला ऐकवायचं तेवढंच बोलत. ही सवय इतकी अंगात मुरली होती की ती सवय आहे हेही कोणाच्या लक्षात येत नसे.

त्या मंगळवारी बाकावर पेणच्या स्थळाच्या नात्यातल्या एक बाई बसल्या होत्या. सासूबाईंनी आत जाताना त्यांना नमस्कार केला.

डॉक्टरांनी यांच्या घशात आरसा घालून पाहिलं. मग विचारलं, "तंबाखू?"

"पानाबरोबर. जेवण झाल्यावर," हे म्हणाले.

"घरात कोणाला क्षय होता?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "नाही हो डॉक्टर! आमच्या घराण्यात असलं काही नाही." त्या जरुरीपेक्षा मोठ्याने बोलल्या, एवढं मला जाणवलं. का, ते नंतर कळलं.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा आरसा घातला आणि मग सांगितलं. गाठ कॅन्सरची आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, महिनाभरात मुंबईला भरती व्हा.

"म्हणजे बोलता...?" यांनी विचारलं.

"बोलता येणार नाही. जगता येईल."

संध्याकाळपासून माणसं येऊ लागली. कोणी मोसंबी आणली, कोणी अंगारा. शेजारच्या काकू यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "किती छान शिकवायचे हो मास्तर!"

यांनी मला जवळ बोलावलं आणि फुटक्या आवाजात म्हणाले, "काकूंना सांग, मास्तर अजून इथेच बसलेत."

मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दोन-तीन दिवसांनी मी विषय काढला. मुंबईला जायचंच आहे तर आधी दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखवू. मी फार बोलणारी बाई नव्हते. सून म्हणून तर नव्हतेच. सासूबाई चकित होऊन माझ्याकडे बघू लागल्या.

"अगं, एका डॉक्टरने सांगितल्यावर दुसऱ्याकडे जायचं? त्यांना कळलं तर काय वाटेल?"

"आई, नेऱ्याच्या शेतात विहीर खणायची होती तेव्हा तुम्ही दोन पाणाडे आणले होते ना?"

"आणले होते. एकाने आंब्याखाली सांगितलं, एकाने बांधाकडे. आणि पाणी कुठेच लागलं नाही."

यावर हे हसले. हसताना घशात कळ आली तरी हसले. मग म्हणाले, "आई, तिसरा पाणाड्या बघू या."

सासूबाई म्हणाल्या, "मग मीही येणार."

आम्ही एसटीने उरणला निघालो. तिथून मोऱ्याच्या बंदरावर जाऊन लाँचने मुंबई गाठायची होती. मुंबईत माझ्या मामांची खोली माझगावला होती, धक्क्यापासून जवळ. जासईला एक बाई टोपली घेऊन बसमध्ये चढली. तिचा मुलगा यांच्या वर्गात होता.

"मास्तर, आज बोलत नाय? आमच्यावर राग हाय का काय?"

"घसा बसलाय त्यांचा," मी म्हटलं.

"मग आमच्या पोराची मजाच हाय!" ती म्हणाली, आणि यांचा चेहरा नीट पाहू लागली. उतरताना तिने सासूबाईंच्या हातावर मूठभर सुकट ठेवली. "नाय म्हणू नका. आमी ताजं कोलीम पन दिलं असतं, पन तुमाला वास नाय चालायचा."

ज्या डॉक्टरांकडे मामांनी आम्हाला नेलं ते म्हातारे होते. जिना चढून वर गेलं की बाहेरची खोली, मग लाकडी दार, मग त्यांची खोली. दार लागलं आणि रस्त्याचा आवाज थांबला. सासूबाईंनी वळून त्या दाराकडे पाहिलं.

डॉक्टरांनी स्पिरिटच्या दिव्यावर आरसा गरम केला, स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला. यांची जीभ फडक्यात धरली. "ई म्हणा. लांब. वर्गात पोरांना ओरडता तसं नाही, गोड म्हणा." बराच वेळ पाहिलं. मग जिभेवरचा हात काढून विचारू लागले. वजन किती उतरलं, संध्याकाळी अंग कोमट लागतं का, खोकला आहे का. मी सांगत होते. संध्याकाळी कपाळ गरम लागायचं, ते आम्ही दगदगीवर घातलं होतं.

"घरात क्षय कोणाला?"

यांनी मान हलवली. "नाही."

"होता," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या डॉक्टरांकडेच बघत होत्या.

"माझा धाकटा दीर. दम्याने गेला असं आम्ही सांगतो. दम्याने नाही गेला. रक्त पडायचं. शेवटचं वर्ष आमच्याच मागच्या खोलीत होता. हा तेव्हा लहान होता, ह्याला काकाचा फार लळा. जाऊ नको म्हटलं तरी त्याच्या अंथरुणात शिरून गोष्टी ऐकायचा. एका ताटात जेवायचे दोघं."

"आई, काका दम्याने गेले ना?" हे पुटपुटले.

"आता दमा नको नि काही नको. डॉक्टर विचारतायत."

"मग तिथे का नाही सांगितलंस?"

"तिथे बाकावर अख्खं पनवेल बसलं होतं! तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय. क्षयाच्या घरातली मुलगी कोण करणार? इथे मला कोण ओळखतंय?"

म्हातारे डॉक्टर हसले. "मी तर तुमचं आडनावसुद्धा विसरलो बघा. बोला, आणखी काय राहिलं?"

आणखी काही राहिलं नव्हतं. सासूबाईंनी पदराने मान पुसली आणि पाणी मागितलं.

डॉक्टर म्हणाले की नुसतं बघून आपणही काही सांगणार नाही. छातीचा फोटो काढायचा, थुंकी तपासायची आणि घशातला बारीक तुकडा काढून तो तपासायला पाठवायचा. निकाल येईपर्यंत आम्ही माझगावला थांबलो. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. मामी सकाळी पेज करी. हे गॅलरीत बसून मामांची जुनी मासिकं वाचत. सासूबाई मामीची भाजी निवडत बसत. एकदा मला म्हणाल्या, "मी तेव्हाच बोलले असते तर?" मी त्यांच्या शेजारी बसून भाजी निवडू लागले.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. "हा डाग. जुना आहे, पण आता जागा झालाय. थुंकीत जंतू सापडले. आणि तुकड्यात कॅन्सर नाही. मी दोनदा विचारून घेतलं. क्षयच आहे, स्वरयंत्राला झालेला."

सासूबाईंनी दोन्ही हात जोडले. "क्षय आहे! देवा, क्षय आहे रे!" मुलगा झाला म्हणून सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं लोकांना सांगतोय. ऐकून हात जोडणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

आता त्यावर इंजेक्शनं निघाली होती. रोज घ्यायची, बरेच महिने. स्वरयंत्र काढायचं नव्हतं. यांची भांडी, अंथरूण वेगळं ठेवायचं. बोलायचं अजिबात नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने घशाला जास्त त्रास होतो. पहिल्या डॉक्टरांबद्दल मी काहीतरी म्हणायला गेले तर त्यांनी मला थांबवलं. "त्यांना जे दिसलं ते मलाही दिसलं. मला जास्त सांगितलं गेलं, एवढंच."

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो. हे फुटपाथवर उभे राहिले आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले. हे मला काही सांगणार तेवढ्यात मी बोट ओठांवर ठेवलं. आणि मग आम्ही तिघंही येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधे उभे राहून हसू लागलो. एका गाडीवाल्याने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. आम्ही समोरच्या हॉटेलात गेलो आणि सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा बाहेरचा चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून. "साखर जास्त आहे," म्हणाल्या, आणि दुसरा मागवला.

परतीच्या लाँचवर त्या गंभीर झाल्या. मला वाटलं, पुन्हा दम्याचीच गोष्ट ठरणार. इंजेक्शनं तर गावातच घ्यायची होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाक भरलेलं होतं. सासूबाई पडद्याच्या आत गेल्याच नाहीत. बाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तरांना कॅन्सर नाही. क्षय आहे. माझ्या दिरालाही तोच होता, मीच लपवला. इंजेक्शनाने बरं होतं असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. आता ज्याला सरकायचंय त्याने सरकावं."

दोघं-तिघं सरकली. रिकाम्या जागेवर त्या यांना घेऊन बसल्या.

पेणचं स्थळ मोडलं. नणंद एक दिवस रडली, मग म्हणाली, "दादापेक्षा ते काही मोठे नव्हते." पुढे तिला शहापूरकडचं चांगलं घर मिळालं. आधी सगळं सांगूनच ते लग्न ठरलं.

बोलणं बंद असताना हे पाटीवर लिहीत. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवी.

"काय म्हणतोय?"

"आमटी छान झालीय म्हणतात."

हे पाटीवर बोट आपटत मान हलवत.

"खोटं वाचतेस तू. मीठ जास्त पडलंय ना?"

"हो आई."

"मग तसं वाच. मोठं लिहिलंय त्याने."

उन्हाळा संपता संपता वजन भरू लागलं, ताप गेला. पुढल्या वर्षी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आवाज आला, पण पहिला नाही. घोगरा, खालचा, शेवटाकडे तुटणारा. हे थोडे ओशाळले. मला तो इतका आवडला की मी यांच्याकडून उगाच वर्तमानपत्र वाचून घेत बसले. त्याच आवाजाने यांनी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. आम्हाला मुलगी झाली. तिला याच आवाजात गोष्टी ऐकायची सवय होती.

सासूबाई म्हाताऱ्या होऊन शांतपणे गेल्या. नणंद मागच्या वर्षी गेली. हे या वर्षी माघात गेले, हृदयाने, खुर्चीत बसल्या बसल्या. घशाने कधी दगा दिला नाही. मला दुःख आहे, पण तक्रार करावी असं काही सापडत नाही.

मुलगी म्हणते, बाबांचा आवाज मला अगदी स्पष्ट आठवतो. तिला आठवतो तो घोगरा. त्याच्या आधीचा आवाज ऐकलेली या घरात आता मी एकटी आहे.