तात्यांच्या गाडीला हात लावू नका

आईच्यान सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा हाय. म्हणजे शब्द माझे हायत. घडलं तसंच, थोडं इकडंतिकडं असेल.

गाडी घासायच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नायत. डोलवीच्या गाड्यांवर स्टील कंपनीचा लाल बुरा बसतो ना, तसे आपोआप चिकटतात आणि मग निघत नायत!

पेणमध्ये पप्यादादाचं शॉप हाय. दादा माझा चुलतभाऊ, मी त्याच्या हाताखाली. आम्ही गाडी धुत नाय! कोणी "जरा धुवून द्या" म्हटलं की माझं डोकं सरकतं. रंगावर काचेसारखा एक थर असतो, क्लिअर कोट. त्यावरचे ओरखडे आम्ही मशीननं काढतो, म्हणजे तो थरच केसभर तासतो. सारखा तासला की थर संपला आणि गाडीची मूळची चमक पण गेली. एवढंच डोक्यात ठेवायचं असतं. एवढंच!

*

तात्या रोह्याजवळचे. धाटावच्या कंपनीत जन्मभर शिफ्ट केल्या, रिटायर झाल्यावर काळी गाडी घेतली. हट्ट एकच. "माझी रूपाली लग्न करून ह्याच गाडीतून जाणार. आणि दरवाजात तिचं तोंड दिसलं पायजे!"

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा आख्ख्या बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे.

"तात्या, पुसता कशानं?"

"जुन्या बनियननं. रोज सकाळी, सुकंच."

"सुकं? धुळीसकट?"

"मग धूळच पुसतो ना रे, दुसरं काय पुसू?"

दादा बाहेर जाऊन उभा राहिला. आत राहिला असता तर मर्डर झाला असता.

आम्ही राबून गाडीचा आरसा केला. तात्यांनी त्यात भांग पाडला आणि गेले.

*

महिन्याभरात गाडी परत! बोनेटवर गोल गोल डाग, आणि प्रत्येक गोलाशेजारी ओरखडे. सोबत तात्यांची बायको, आमची काकी.

"काकी, हे काय गो?"

"पोह्याचे पापड घातलेले. काळ्यावर पटकन सुकतात."

"आणि ओरखडे?"

"चिकटल्यावर काय करू? उलथण्यानं काढले."

काकीनं माझ्या हातात डबा ठेवला. "घे. त्यातलेच हायत."

पापड एक नंबर होते. त्याचाच जास्त राग आला.

*

दादानं बोनेट केलं, मीटर लावून थर मोजला आणि तात्यांना बजावलं, "बोनेटला आता परत मशीन नाय. बाकीची गाडी पण सांभाळा."

मग दरवाजावर एक बारीक रेघ पडली. आमच्याकडे यायची लाज वाटली म्हणून तात्या गाडी घेऊन मेव्हण्याकडे गेले. मेव्हण्याचा पेणमध्येच गणपतीचा कारखाना. त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि गणपतीचं पोट घासतात तसा आख्खा दरवाजा घासला. दरवाजा खडूसारखा पांढुरका!

मी त्याला फोनवर झाप झाप झापला. तो एकदम थंड.

"ओरडतोस कशाला? आधी घासायचं, चमक शेवटी वार्निशनं येते. मारू काय?"

"नको!!"

"सोनेरी पण हाय."

दादानं श्वास धरून तो दरवाजा परत चमकवला आणि मशीन बंद केलं. "तात्या, संपलं. आता कुठेही ओरखडा पडला तर तो तिथंच राहणार."

लग्न तोंडावर आलेलं. तात्यांचे डोळे भरले. "मग मी करू काय, सांग ना."

माझं टाळकं फिरलेलं होतं. पण तोंड सरळ ठेवून म्हटलं, "गाडी सोवळ्यात ठेवा. बाप्पाच्या नैवेद्याला काकी कशी असते? तसंच. आंघोळ करून ओलेत्यानं आलेल्यानंच हात लावायचा. बाकी कोणी नाय."

काकी माझ्यावर भडकली. "मग असं आधी सांगायचं ना! मशीन काय, कोट काय, काय काय बडबडत होतात!"

*

लग्नाला आम्ही दोघं गेलो. मांडवाबाहेर गाडी उभी. एक ओरखडा नाय! मांडवाची आख्खी तोरणं बोनेटमध्ये दिसत होती. शेजारी काकी खुर्ची टाकून बसलेली.

नवऱ्याचा दोस्त फुलं चिकटवायला आला.

"आंघोळ केलीस?"

"केली ना, काकी."

"मग सुका कसा?"

तो फुलं घेऊन पळाला.

पाठवणीची वेळ झाली. रूपाली शालूत, मेकअप, गजरे, सगळं. दरवाजाकडे हात नेला आणि काकीनं मनगट धरलं. बँड थांबला. तात्या माझ्याकडे बघायला लागले. मी चपलेकडे.

रूपालीनं वाकून दरवाजात स्वतःचं तोंड बघितलं. चांगलं निवांत बघितलं. मग पंगतीला हात धुवायला भरून ठेवलेल्या पाण्यातली एक बादली उचलली, शालूसकट डोक्यावर ओतली, दरवाजा उघडला आणि आत जाऊन बसली.

नवरा बाहेरच उभा, कोरडा. काकीनं दुसरी बादली पुढे सरकवली.

हसतोस काय? दोन प्लेट वडे हाणलेस ऐकता ऐकता. चल, पैसे दे त्यांचे.