मामा आणि पाहुण्यांच्या किल्ल्या

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका पाहुण्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि सांगलीत कोणी निघालाच तर तो त्यांचा सख्खा भाऊ असणार. मामा मूळचे कवठे महांकाळचे. लष्करात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. भावकीने शेतात घर बांधायचा सल्ला दिला, तर हे सगळी पुंजी घालून साताऱ्यात चौथ्या मजल्यावर समोरासमोरचे दोन फ्लॅट घेऊन बसले. एकात स्वतः आणि मामी राहणार, दुसरा कास-ठोसेघर बघायला येणाऱ्यांना दिवसाच्या भाड्याने देणार. पुण्यातल्या त्यांच्या मुलाला हा बेत मुळीच पटला नव्हता. 'हे चाललं नाही तर दोन्ही फ्लॅट विकायचे आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं,' असं त्याने वास्तुशांतीच्या पंगतीतच कबूल करून घेतलं. मामांनी मान डोलावली, आणि जावई साताऱ्यातच मास्तर आहे म्हणून फ्लॅटचं बुकिंग घेणारं मोबाइलवरचं अ‍ॅप सांभाळायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

मामांची तयारी पाहून मी थक्क व्हायचो. चादर अशी ताणलेली की तिच्यावर बसायला संकोच वाटावा. बादल्या एका रेषेत, टॉवेलच्या घड्या एका मापाच्या. पाहुण्यांची गाडी वाढे फाट्याला आल्याचा फोन आला की मामा इस्त्रीच्या शर्टात खाली गेटपाशी सावधान उभे. एकदा वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि आलेल्या कुटुंबातल्या आजींचे गुडघे धरलेले. मामांनी सरळ पाठ पुढे केली. "गळ्याला धरा, आजी. तुमचं वजन कसलं, आमची पिशवी ह्याच्यापरीस जड असायची," म्हणत पन्नाशी उलटलेल्या या माणसाने त्यांना चार मजले वर नेलं आणि वर पोचल्यावर, काही झालंच नाही अशा आवाजात, कुठल्या गावच्या म्हणून चौकशी सुरू केली. मी रिकाम्या हातांनी मागून चढत होतो आणि तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलो होतो.

पण पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतला फरक काही मामांच्या गळी उतरेना. पहाटे साडेपाचला ते चहाचा ट्रे घेऊन समोरची बेल वाजवत. मामी आलेल्या बायकांची ओटी भरत. आणि निघायच्या दिवशी मामा हमखास गाडीची किल्ली लपवत. आमच्याकडे पाहुण्याची पिशवी नाहीतर चपला दडवून त्याला जेवणापुरतं थांबवून घेतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण गेल्या हंगामात मुंबईच्या एका जोडप्याची किल्ली मामांनी ज्वारीच्या डब्यात टाकली. ते बिचारे तासभर गाद्या उलट्या करत राहिले आणि शेवटी पोलिसांना फोन लावू लागले, तेव्हा मामा दारात येऊन हसत म्हणाले, "घाई कशापायी? आमटी-भात खाऊन जावा, किल्ली आपसूक घावंल." ते जेवले नाहीत. अ‍ॅपवर पाचपैकी एक तारा देऊन इंग्रजीत चार कडक ओळी लिहून गेले, आणि आठवड्याभरात अ‍ॅपवाल्यांची नोटीस आली. पुढच्या दहा पाहुण्यांपैकी एकाचीही तक्रार आली तर फ्लॅट यादीतून कायमचा काढणार होते.

ती नोटीस मी मामांना मराठीत वाचून दाखवली.

"जावईबापू," मामा खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत म्हणाले, "अठ्ठावीस वर्सं मी माझ्याच घरात पावना हुतो. वर्साला दोन म्हैनं. पोरगं मला बघून आईमागं लपायचं. आता कुठं सोताचं घर झालंय. त्येच पोराच्या घरी जाऊन परत पावना व्हायचं न्हाई मला. तुमी म्हनाल तसं करतो."

मी मास्तर माणूस, लगेच नियम काढले. दाराला आकड्यांचं कुलूप, चहाची किटली खोलीतच, आणि पाहुण्यांची गाठभेट बंद.

हुकूम पाळणं मामांच्या रक्तातच. दहा पाहुणे आले आणि गेले, मामांनी एकालाही तोंड दाखवलं नाही. समोर पावलं वाजली की ते आपल्या बंद दारामागे उभे राहत आणि लिफ्ट खाली गेल्यावर मुकाट्याने चादर बदलायला जात. इतका कडक पहारा त्यांनी सीमेवरही दिला नसेल. मला त्यांच्या धीराचं आश्चर्य वाटे आणि माझ्या नियमांची लाजही. दहाव्या पाहुण्याने पाच तारे दिले, नोटीस मागे घेतली गेली, तेव्हा पेढे घेऊन मीच गेलो आणि शेवटचा अभिप्राय वाचून दाखवला. 'जागा स्वच्छ आणि शांत. मालकाचा अजिबात त्रास नाही.'

"बरं झालं," मामा म्हणाले. "ऱ्हायलं घर." आणि पेढ्याचा कागद दुमडत बसले.

मामींनी माझ्यापुढे चहा ठेवला. "आवं, किल्ली लपवायची खोड ह्यांची न्हवं, माझी," त्या हळूच म्हणाल्या. "रजा संपली की ह्यांच्या ट्रंकंची किल्ली मी ज्वारीच्या डब्यात टाकायची. ह्यांना ठावं असायचं. तरी सगळं घर हुडकत बसायचे. तेवढाच एक तास जास्ती घावायचा."

मामांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

चहा संपवून मी उठलो, तर टेबलावर ठेवलेली माझ्या स्कूटरची किल्ली तिथे नव्हती. मामी भाकरी थापायला बसल्या होत्या. वर्तमानपत्र हलत नव्हतं. ज्वारीचा डबा माझ्यापासून दोन हातांवर होता. मी आधी सोफ्याखाली वाकून पाहिलं, मग कपाटामागे, मग गॅलरीत जाऊन एकेक कुंडी सावकाश उचलून पाहू लागलो.