एकरी दाणे किती

"किलोचं सोडा, दाणे सांगा," असं म्हणत बाई तळहातावरचा गहू बोटानं पसरायच्या. केजच्या कॉलेजात त्या शेती शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळत असे. त्यांनी तपासलेल्या पेपरांतूनही कधी कधी गहू गळे. स्वतःचा विषय अंगावर वागवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नवरा गेल्यावर त्यांच्या वाट्याची नांदूरघाटची जमीन दीर बटईनं, निम्म्या पिकावर, करत. एका वर्षी बाईंनी ती स्वतः पेरायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "एक साल करून बघ. न्हाई जमलं तर पुन्हा त्या रानाचं नाव काढू नको."

नेमका त्या वर्षी कापूस उशिरा निघाला आणि पेरणी लांबली. बियाणं नव्या वाणाचं, टपोरं. बाईंनी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते पाहिलं, हिशेब केला आणि एकरी चाळीसच्या जागी पंचावन्न किलो बी काढलं. रविवार होता, मीही सोबत गेलो होतो. दीर बांधावरच उभे.

"वहिनी, गहू पेरायलाव का पाखरायला जेवू घालायलाव?"

"भाऊजी, दाणा मोठा आहे. चाळीस किलोत रोपं कमी बसतील."

"आन् फुटवे? एकाला पाच फुटतेत की."

"थंडी असली तर. आपल्याकडं स्वेटर पेटीतून निघेपर्यंत ऊन तापतं. उशिराच्या गव्हाला फुटायला सवडच नसते. मग रोपंच जास्त पाहिजेत."

"पुस्तकात हाय का हे?"

"पुस्तकात थंड मुलखाचं मापही आहे. ते इथं पेरलं तर रान मोकळं दिसेल." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ग्रंथपाल, रागावू नका."

मी कशाला रागावतो? चूक निघाली तर रान त्यांचं जाणार होतं.

माघातच ऊन तापलं. शेजारच्या गव्हात ओळींमधली माती दिसत होती. बाईंच्या रानात ती दिसेना. दिरांनी रानाला एक चक्कर मारली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लई दाट हाय." बटईचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढं दरवर्षी बाईच पेरत. यंदाही पेरलं. गहू ओंब्यांवर आला आणि चार दिवसांच्या आजारात त्या गेल्या.

त्यांच्या गावात माणसाला त्याच्याच रानात अग्नी देतात. दोघं-तिघं जागा करायला विळे घेऊन निघाले, तर दीर आडवे झाले.

"गहू मोडायचा न्हाई. माझी तूर निघालीय, तिथं घ्या."

"पण आप्पा, रान त्यांचं हाय ना?"

"त्यांचं हाय म्हणूनच."

बांध अरुंद होता. खांदेकऱ्यांचे पाय घसरत होते, पण गव्हात कुणी पाऊल टाकलं नाही.