सांगलीला रडवणारा जपानी सिनेमा

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या तिच्या घरून निघताना माझी लेक ऋता तिसऱ्यांदा म्हणाली, "आई, ट्रॅफिक असेल, पार्किंग शोधायचंय. डबा राहू दे ना यार!" डबा मी घेतलाच. शिकागोत एका जपानी दिग्दर्शकाचे सगळे चित्रपट दाखवत होते. आज म्हातारेबुवा स्वतः येणार होते, आणि मला जायचंच होतं.

त्याचं कारण जुनं. तीसेक वर्षांपूर्वी सांगलीच्या आमच्या फिल्म सोसायटीत परदेशी चित्रपटाआधी मराठीत कथासार सांगायचं काम माझ्याकडे असे. यांचा एक चित्रपट आला तो सबटायटल्सशिवाय, सोबत माहितीचा कागदही नाही. दुपारी मी तो एकटीने पाहिला आणि संध्याकाळी चक्क थाप मारली: नवरा समुद्रात बुडालाय, बायको रोज बंदरावर त्याची वाट पाहते. हॉलभर लोक ढसाढसा रडले. खरी गोष्ट काय होती, ते आज कळणार होतं.

वाटेत एक एक्झिट चुकला. तेवढ्या फेऱ्यात थालीपिठं संपली. निम्मी ऋतानेच खाल्ली. पुढे समुद्रासारखं अफाट तळं दिसलं, पण माझं लक्ष घड्याळाकडे.

थिएटर छोटंसं, लोण्यात परतलेल्या पॉपकॉर्नच्या वासाचं. पत्रकात दिग्दर्शकाची कारकीर्द छापली होती. तरुणपणी तीन चित्रपट, मग दहा वर्षं मेहुण्याच्या दुकानात सायकलींची पंक्चरं काढणं, त्यानंतर पुन्हा कॅमेरा आणि जगभर नाव. आमचा चित्रपट पहिल्या तिनांतला शेवटचा.

दिवे मालवले. इंग्रजी अक्षरं उमटू लागली आणि मी खुर्चीत आक्रसत गेले. नवरा दुसऱ्या शहरात मजेत होता. बाई बंदरावर जायची ती नोकरी शोधायला! अख्ख्या सांगलीला मी फसवलं होतं. लाज वाटली, अगदी मनापासून.

नंतर मी त्यांना भेटायच्या रांगेत उभी राहिले. "आई, लीव्ह इट! कोण विचारतंय?" ऋता कुजबुजली. पण मी मोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं. दुभाष्या मुलीने ते जपानीत सांगितलं.

म्हातारेबुवांनी एवढंच विचारलं, "मग लोकांनी काय केलं?"

"रडले."

ते म्हणाले, "टोकियोत चार दिवसांत थिएटर रिकामं झालं. त्यानंतर दहा वर्षं मला कुणी काम दिलं नाही. हा चित्रपट पाहून कुणी रडल्याचं आज पहिल्यांदा ऐकतोय." आणि त्यांनी मला ओजिगी (कमरेतून वाकून नमस्कार) केला. मी हात जोडले आणि तिथेच रडले.

सांगलीला परतल्यावर उरलेल्या सभासदांना चहाला बोलावून खरी गोष्ट सांगून टाकली. आमचे निवृत्त हेडमास्तर बशी खाली ठेवत म्हणाले, "ताई, अमेरिकेत भाषांतर चुकलं असणार. तो बुडालाच होता." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी वाद घातला नाही. त्या बाईला वाट पाहत बंदरावर उभं मीच केलं होतं. आता तीस वर्षांनी तिला नोकरीला लावणारी मी कोण?