नवा कागद येईपर्यंत

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढे बी.कॉम. छापलं होतं आणि माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. पिकांच्या रोगांवर मी एम.एस्सी. केलं होतं. पण मुलीची पदवी मुलापेक्षा मोठी दिसते, म्हणून सासऱ्यांनी छापखान्यात स्वतः जाऊन ती काढायला लावली. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांशी मी त्यावरून कधी भांडले नाही. पण विसरलेही नाही. मी विसरणाऱ्यांतली नाही.

आम्ही दोघं नाशकात राहायचो आणि मामा सायखेड्याजवळच्या आमच्या गावी द्राक्षबाग बघायचे. ऑक्टोबरात छाटणी झाली की महिना-सव्वा महिन्यात बाग फुलोऱ्यात येते. नेमकं तेव्हा आभाळ आलं आणि पाऊस पडला की डावणी येते. पानामागे पांढरी बुरशी धरते, आणि ती घडावर गेली की घड बघता बघता वाळून जातो. औषध पावसाच्या आधी मारायचं असतं, नंतर मारून हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. पण कधी मारायचं आणि कधी नाही, हे लोक औषधाच्या दुकानदाराला विचारायचे, आणि दुकानदार रोजच मारा म्हणायचा.

दोन हजार तीनच्या सुमारास आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि माझ्या बिनकामाच्या पदवीला काम मिळालं. सकाळी मी चार-पाच बागायतदारांना फोन करायची. दव किती वाजेपर्यंत होतं, पानं कधी सुकली, एवढंच विचारायची. मग इंटरनेटवर हवामानाचा अंदाज बघून दुपारी चारला एक पत्र लिहायची आणि मागेल त्याला ईमेलने पाठवायची. 'आज फवारू नका' हे माझं सगळ्यात लाडकं वाक्य. दुकानदारांचं माझ्यावर प्रेम नव्हतं.

पहिली पाच वर्षं ही पत्रं एका फुकटातल्या सेवेवरून जायची, आणि ती सेवा प्रत्येक पत्राच्या तळाशी एक जाहिरात चिकटवायची. एकदा भुरी रोगावरच्या पत्राखाली वधू-वर सूचक मंडळाची जाहिरात गेली. दुसऱ्या दिवशी एका बागायतदाराचा फोन आला, "ताई, तुम्ही लग्नं पन जमवता का? आमचा पुतण्या हे." माझं डोकंच फिरलं. पत्र माझं, वाचणारे माझे, मग मधे हे कोण लुडबुडणार? ठरवलं, पत्त्यांची यादीही स्वतःची ठेवायची आणि सर्व्हरही स्वतःचा.

सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी परदेशातलं एक मशीन भाड्यानं घेतलेलं, पण त्यावरचं सगळं मी बसवलं. यादी सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. ते चालवायचं कसं हे मात्र फुकटात सांगायला कोणी नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करत तीन आठवडे काढले. नवरा म्हणायचा, "अगं, हे कुणी सांगितलंय तुला?" कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून तर मजा होती. पहिलं पत्र माझ्या स्वतःच्या सर्व्हरवरून गेलं आणि खाली जाहिरातीची एक ओळ नव्हती, तेव्हा कॉलनीत पेढे वाटायचेच काय ते मी बाकी ठेवले.

यादी मी चोख ठेवायची. एखाद्या पत्त्यावरून पत्र सलग पाच दिवस परत आलं, की सर्व्हर तो पत्ता आपोआप वगळायचा आणि मला तसं कळवायचा. हा नियम मीच घातला होता. असा निरोप आला की मला तांदळातला खडा निघाल्यासारखं बरं वाटायचं.

आमच्या गावात तेव्हा कॉम्प्युटर कुणाकडे नव्हता. पण गावातल्या एकाचा सायखेड्यात सायबर कॅफे होता. तो चार-साडेचारला माझं पत्र छापून घ्यायचा आणि घरी जाताना दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर लावायचा. संध्याकाळी दूध घालायला सगळं गाव तिथे येतं. नवा कागद लावला की तो जुना काढायचा. म्हणजे माझ्या यादीतला तो एक पत्ता म्हणजे अख्खं गाव होतं. मामांना हे माहीत होतं. पण पाच वर्षांत त्यांनी माझ्याजवळ त्या कागदाचं नावही काढलं नव्हतं. ते म्हणे आभाळाकडे बघून फवारायचे.

मी स्वतःची यादी सुरू केली त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, हवा बिघडली. मी तीन दिवस पत्रांतून ओरडत होते, पाऊस येतोय, फुलोऱ्यातल्या बागांना औषध मारून घ्या. चौथ्या दिवशी पाच वाजता मामांचा फोन आला. दूध केंद्रातून बोलत होते. एरवी मामा मला फोन करत नसत.

"सूनबाई, तुझ्या कागदावर फवारू नका लिवलंय. इकडं आभाळ लय भरून आलंय. काय समजायचं?"

"मी कधी लिहिलं तसं? मी तर तीन दिवस फवारा म्हणून सांगतेय."

मामांनी कागदावरची तारीख वाचली. तो आठ दिवसांपूर्वीचा होता, कोरड्या हवेतला. त्यानंतर नवा कागद आलाच नव्हता. आणि नवा आला नाही म्हणजे जुना लागू, असं सगळं गाव धरून चाललं होतं. बागा ऐन फुलोऱ्यात, उद्या पाऊस, आणि माझाच कागद फळ्यावरून त्यांना औषध मारू नका म्हणून सांगत होता.

एवढ्यातही माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तुम्ही वाचता तो कागद?"

"समोर उभं राहिलं की दिसतो डोळ्याला," मामा म्हणाले.

मी म्हटलं, तोच कागद काढा, उलटा करा आणि मागे लिहा. मी सांगत गेले आणि ते एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहीत गेले. उद्या पाऊस आहे. फुलोऱ्यातल्या बागांना आज अंधार पडायच्या आत डावणीचं औषध मारावं. मागचा कागद आता लागू नाही. मागे दुधाचे कॅन वाजत होते, आणि मामांचा आवाज चढेल तशी माणसं गप्प होत गेलेली मला फोनवरही कळत होती.

"लोकं इचारतील, कोनी सांगितलं?"

"सांगा, ईमेल आलीय म्हणून."

"ईमेल कुठं आलीय? खोटं कशाला सांगू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग मी इनबॉक्स उघडला. सर्व्हरचा निरोप तीन दिवसांपूर्वीचा होता. एक पत्ता वगळला, पत्र पाच वेळा परत आलं. इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा तो पत्ता मी ओळखलाच नव्हता. निरोप वाचून खूश झाले होते, हे मला लख्ख आठवलं. आता मात्र स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

कॅफेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मला वाटलं तुम्ही दिवाळीला माहेरी गेल्या. आन मेलबॉक्स भरलाय असं कायतरी दाखवतंय."

"मग जुनी पत्रं पुसायची ना."

"तुमची पत्रं कशी पुसायची ताई? लोकं मागच्या सालची मागत्यात ताडून बघायला. एक पन पुसलं नाय."

रोगट पानांचे मोठमोठे फोटो मीच हौसेनं पत्राला जोडत होते. ते सगळे जपून ठेवता ठेवता त्याची जागा संपली, पत्र परत येऊ लागलं आणि माझ्या चोख यादीनं माझंच गाव खड्यासारखं काढून टाकलं. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, त्या लाजेतही छाती फुगली. माझी पत्रं कुणीतरी जपून ठेवत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस पडला, दोन तास. आठवड्यानं मी गावी गेले. आमची बाग वाचली होती, बहुतेकांच्या वाचल्या होत्या. एका घरून त्या संध्याकाळी कुणी दूध घालायला आलं नव्हतं. त्यांचे अर्धे घड गेले. मी त्यांच्याकडे गेले आणि चूक माझी होती हे सरळ सांगितलं. त्या घरच्या बाईंनी चहा ठेवला. म्हणाल्या, "कागद आला असता तर आम्ही मारलंच असतं, ताई." शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

कॅफेवाल्यानं नवा मेलबॉक्स उघडला आणि तो पत्ता मी यादीत घातला. त्या दिवसापासून सर्व्हरचा वगळण्याचा हक्क मी काढून घेतला. पत्र परत आलं की आधी फोन. पुढची कितीतरी वर्षं मी यादी चालवली, आणि माणसाशी बोलल्याशिवाय एकही पत्ता काढला नाही. फोटो जोडणंही बंद केलं.

निघायच्या आधी दूध केंद्रात गेले. फळ्यावर कालचा छापील कागद होता आणि त्याच्या शेजारी मामांच्या हातचा, आठवड्यापूर्वीचा, तसाच. मी सांगितलेल्या तीन ओळी होत्या. त्यांच्याखाली, मी न सांगितलेली चौथी. माझं पूर्ण नाव, आणि नावापुढे एम.एस्सी. अक्षरं बाकीच्यांपेक्षा मोठी होती आणि पेनानं दोनदा गिरवलेली होती.

मी केंद्रावरच्या माणसाला विचारलं, "हा जुना का ठेवलाय?"

"तुमचे सासरे काढू देत नाय," तो म्हणाला.